धागा: ओतीव गोळ्यांच्या भरणीचे आकडे खात्रीचे कुठे मिळतात?

छावनीकर (इंदूर)

मंडळी, विषय आडवळणाचा आहे म्हणून आधीच सांगून टाकतो: इंदुरात कोणी काडतुसं भरत बसलेलं नाही. माझा भाचा ओहायोत असतो, तिथल्या क्लबात .३८ स्पेशलच्या रिव्हॉल्व्हरने कागदी निशाणावर नेमबाजी करतो. उडवलेल्या पुंगळ्या गोळा करायच्या, नवा प्रायमर (ठोका बसला की ठिणगी देणारी बारीक वाटी) बसवायचा, पावडर मोजून घालायची, वर गोळी दाबायची, असं त्याचं चालतं. आत्तापर्यंत गोळ्या विकतच्या होत्या. आता शिसं वितळवून त्याही घरीच ओतायच्या म्हणतो. "मामा, तुमच्या छापखान्यात शिशाची भट्टी होती ना?" म्हणून रविवारी फोन.

शिशाचं मी सांगीन. घोडं पुढे अडलंय. त्याने एक जुना साचा घेतला, त्याच्यावर नंबर नाही. १५८ ग्रेनची गोळी पडते असं विकणारा म्हणाला. आता १५८ ग्रेनच्या शिशाच्या गोळीला अमुक पावडर किती घालायची, हे तीन ठिकाणी पाहिलं तर आकडे तीन. एका पुस्तकाची कमाल भरणी दुसऱ्याच्या सुरुवातीच्या भरणीला जेमतेम टेकते. नेटवर एक गृहस्थ दोघांच्याही वर, आणि खाली लिहितात, "आयुष्यभर हेच भरतोय, बोटं शाबूत आहेत." भाचा विचारतो, मानायचं कोणाचं?

इथे महूची, फौजेतली मंडळी आहेत म्हणून धागा काढला. राजकारण नको. पोह्यांवर घसरू नका.

सनदवाली (इंदूर)

काका, पहिलं वाक्य लिहिलंत ते बरं केलंत. वाचणाऱ्या उत्साही भियांसाठी: शस्त्र अधिनियम १९५९, कलम ५. काडतूस बनवायला वेगळा परवाना लागतो, पिस्तूल बाळगायचा परवाना त्याला चालत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना बनवण्याची शिक्षा सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत आहे. तिकडे अमेरिकेत स्वतःपुरतं भरायला फेडरल परवाना लागत नाही, पण विकायला काढलं की लागतो. भाच्याने क्लबातल्या मित्रांना डबे भरून "घे रे, पावडरचे पैसे दे" असंही करू नये. बाकी तुम्ही बोला, मी वाचते.

सराफा_रात्री (इंदूर)

पोह्यांवर नाही, सोन्यावर घसरतो. ग्रेन म्हणजे आमच्या हिशोबात किती हो? गुंजेएवढा?

निशाण_महू (महू)

सराफसाहेब, एका पौंडात ७००० ग्रेन, म्हणजे एक ग्रेन साधारण ६५ मिलिग्रॅम. गुंज १२१ मिलिग्रॅमच्या आसपास, तेव्हा अर्ध्या गुंजेहून थोडा जास्त. पिस्तुलाच्या काडतुसात पावडर मोजक्या ग्रेनचीच असते. त्यात अर्धा ग्रेन इकडेतिकडे झाला तर तो पाव गुंजेचा फरक हलका समजू नका.

छावनीकर, ओळख देतो: फौजेत शस्त्रागाराकडे होतो. मुलगी टेक्सासला असते, तिचा शेजारी गॅरेजमध्ये हाच उद्योग करतो, तिकडे गेलो की मी त्याच्या बाकावर. म्हणून बोलायचा थोडा अधिकार.

पुस्तकं खोटं लिहीत नाहीत. प्रत्येकाने आपल्या चाचणीच्या बॅरलमध्ये, आपल्या गोळीवर, हातात आलेल्या लॉटच्या पावडरने दाब मोजलेला असतो. जुन्या पुस्तकांत दाब मोजायची रीतच वेगळी: तांब्याचा छोटा ठोकळा किती चेपला ते बघायचे. आता पिझो सेन्सर असतो, तो दाबाची विजेने नोंद करतो. एका रीतीचा आकडा दुसरीत बदलून घ्यायचं पक्कं सूत्र नाही. गोळी वेगळी, बॅरल वेगळी, मोजमाप वेगळं, तर भरणी एक कशी येणार?

आता ते बोटं शाबूत असलेले गृहस्थ. अमेरिकेत 'सामी' नावाची संस्था दाबाच्या मर्यादा ठरवते. .३८ स्पेशलला १७,००० पीएसआय (चौरस इंचाला पौंड), त्याच्याच जास्त दाबाच्या भरणीला, म्हणजे प्लस-पीला २०,०००, आणि .३५७ मॅग्नमला ३५,०००. .३८ चं काडतूस .३५७ च्या रिव्हॉल्व्हरमध्ये बसतं आणि उडतं. गृहस्थ कशात उडवतात ते त्यांनी लिहिलंय का? शाबूत बोटांचं श्रेय बहुधा त्या जाड सिलिंडरचं आहे. भाच्याचं रिव्हॉल्व्हर जुनं, हलक्या चौकटीचं असेल तर तोच आकडा त्याला चालणार नाही.

जुने रगेल आकडे पुष्कळदा एल्मर कीथ या अमेरिकन शस्त्रलेखकाच्या काळातून फिरत आलेले असतात. माणूस जाणकार होता, वाद नाही. पण स्मिथ अँड वेसनने १९३० मध्ये .३८/४४ म्हणून जे थोराड रिव्हॉल्व्हर काढलं, त्याच्यासाठीची भरणी नाव पुसून ".३८ स्पेशल" म्हणून नकलली गेली की पंचाईत.

जुगाडू_परदेशीपुरा (इंदूर)

एवढं काय! तिघांची सरासरी काढा. नाहीतर तांब्याच्या जॅकेटवाल्या गोळीचा आकडा घ्या, दहा टक्के कमी करा, काम तमाम. माझ्या ओळखीचा एक जण कॅनडात [आकडे संपादकांनी काढले] भरतो, मस्त चालतं.

संपादक

पावडरच्या नावासह ग्रेनचे आकडे या धाग्यात कोणीही लिहू नयेत. टंकताना टिंब सरकलं तर कोणाच्या तरी हातात फुटेल.

निशाण_महू (महू)

संपादकांचे आभार.

जुगाडूभाऊ, सरासरी कशाची? तीन वेगळ्या गोळ्यांची सरासरी काढून जी चौथी गोळी तयार होते, ती कोणीच उडवून पाहिलेली नाही.

दहा टक्क्यांचं म्हणाल तर चढताना ते ठीक आहे: छापील कमाल आकड्याच्या दहा टक्के खालून सुरुवात करायची, पुस्तकात सुरुवातीचा आकडा वेगळा दिला नसेल तर. पण तोही त्याच गोळीचा आकडा असला पाहिजे. शिवाय सगळ्या पावडरींना कमी करणं मानवत नाही. हॉजडन कंपनीची एच-११० घ्या, मॅग्नम काडतुसांची पावडर. कंपनी स्वतः सांगते की छापील भरणीपेक्षा तीन टक्क्यांहून खाली उतरू नका, नाहीतर नीट पेट घेत नाही, गोळी बॅरलमध्येच अडकून बसते. मागून दुसरी सुटली की संपलं.

नावांचीही गंमत आहे. विंचेस्टर २३१ आणि हॉजडन एचपी-३८ ही पावडर एकच, डबे दोन. विंचेस्टर २९६ आणि एच-११० चंही तेच. आणि आयएमआर ४८९५ व एच-४८९५ यांचा आकडा एक असून त्या दोन निरनिराळ्या पावडरी आहेत. (या शेवटच्या दोन रायफलीच्या, नमुन्यादाखल सांगितल्या.) भाच्याने डब्यावरचं अख्खं नाव पुस्तकातल्या अख्ख्या नावाशी ताडून बघावं.

जुगाडू_परदेशीपुरा (इंदूर)

बरं, पण दाब जास्त झाला तर प्रायमर चपटा होतो म्हणतात. मग हळूहळू वाढवत जायचं, चपटा दिसला की थांबायचं.

निशाण_महू (महू)

रायफलवाल्यांचा हा नियम पिस्तुलात आणून लोक फसतात. १७,००० च्या काडतुसात प्रायमर चपटा दिसेपर्यंत तुम्ही मर्यादा कधीच ओलांडून गेलेले असता. पुंगळी सहज निघाली, प्रायमर गोल दिसला, यावरून काहीच कळत नाही. घरी दाब मोजता येत नाही, म्हणूनच मोजलेल्याचं ऐकायचं. घरी मोजता येतो तो वेग. त्याचं यंत्र, क्रोनोग्राफ, आता फार महाग राहिलेलं नाही. त्याच लांबीच्या बॅरलला पुस्तकापेक्षा वेग बराच जास्त येत असेल तर दाबही कुठून तरी येतोय, एवढं समजतं.

खिळेजुळारी (ग्वाल्हेर)

छावनीकर, तुम्ही छापखानेवाले, मी हाताने खिळे जुळवलेला माणूस. शिशाची बाजू कोणी मांडली नाही म्हणून लिहितो.

"शिशाची गोळी" म्हणजे नुसतं शिसं नव्हे. निव्वळ शिशाची कठीणता ब्रिनेल मापात ५ च्या आसपास. लायनोटाइपचा (ओळी ओतणाऱ्या छापखान्याच्या यंत्राचा) धातू, म्हणजे साधारण ८४ टक्के शिसं, १२ अँटिमनी, ४ कथील, २२ पर्यंत जातो. मोनोटाइपचा त्याहून कडक. तिकडे गोळ्यांसाठी 'लायमन नंबर २' नावाचं मिश्रण प्रमाण धरतात: ९० शिसं, ५ कथील, ५ अँटिमनी. लायमन ही साचे करणारी कंपनी, तिच्या साच्याला कागदावर जे वजन दिलेलं असतं ते या मिश्रणाचं. त्याच साच्यात मऊ शिसं ओता, गोळी जड पडेल. लायनो ओता, हलकी पडेल. तेव्हा भाच्याने विकणाऱ्याच्या १५८ वर विसंबू नये. स्वतः ओतलेल्या दहा-वीस गोळ्या तोलून पाहाव्यात.

दुसरं. गोळी मऊ म्हणून बॅरलमध्ये शिसं चिकटतं असा समज आहे. .३८ च्या साध्या भरणीत बहुतेक वेळा कारण माप हे असतं. गोळी बॅरलच्या खाचांपेक्षा बारीक राहिली तर तापलेला वायू कडेने निसटतो आणि शिसं खरवडत नेतो. खाचांच्या मापाहून एक सहस्रांश इंच जाड गोळी ठेवायची रीत आहे. रिव्हॉल्व्हरमध्ये सिलिंडरचं तोंडही मोजायचं. ते बॅरलपेक्षा अरुंद असेल तर गोळी तिथेच सोलून निघते, मग पुढे काय बसणार.

आमच्या छापखान्यात कंपोझिटरांना गूळ वाटायचे, शिसं बाधत नाही म्हणून. गूळ गोड लागला एवढंच. शिसं हातावरून तोंडात जातं. साबणाने हात, जेवणाआधी. भट्टीपाशी चहाचा कप नको.

छावनीकर (इंदूर)

खिळेजुळारी, गूळ आमच्याकडेही होता! आणि मळी काढून टाकू नका म्हणून वडील ओरडायचे, कारण वर तरंगणाऱ्या राखाडी सायीत कथीलच जास्त निघून जातं. थोडं मेण टाकून ढवळलं की बरंचसं परत खाली उतरतं. मेणाचा धूर भयंकर होतो, दारं उघडी हवीत.

भाच्याला मी दोन गोष्टी आधीच बजावल्यात. गाडीच्या बॅटरीचं शिसं घ्यायचं नाही, त्यातून विषारी वायू निघतात. आणि चाकाला लावायची वजनं निवडून घ्यायची, हल्ली त्यांत जस्ताची असतात. शिसं ३२७ अंशांना वितळतं, जस्त ४१९ ला. आच बेताची ठेवली तर जस्ताचं वजन वर तरंगत राहतं, पळीने उचलून टाकता येतं. आच वाढवली की ते विरघळलं, आणि मग साच्यात धातू नीट भरतच नाही.

ओहायोवाला

मामा, धागा काढलात आणि मला सांगितलंही नाहीत! आईने लिंक पाठवली. सगळ्यांना नमस्कार, टंकायचा सराव नाही, सांभाळून घ्या.

काल गोळ्या ओतून तोलल्या. सरासरी १६३ ग्रेन. धातू क्लबातल्या एकाने दिला, मऊ आहे, नखाने ओरखडा उठतो. गोळी मायक्रोमीटरने .३५८५ भरली. आकार असा: नाक आखूड, बोथट, आणि पुंगळीची कड जिथे दुमडायची त्या खाचेपासून बुडापर्यंतचा भाग लांब. पुस्तकातल्या १५८ च्या चित्राशेजारी धरली तर माझी गोळी पुंगळीत जास्त खोल जाईल असं दिसतंय. रिव्हॉल्व्हर .३८ चंच आहे, .३५७ नाही. याला कुठल्या १५८ चा आकडा लावू?

निशाण_महू (महू)

शाबास. मोजून आलास, आता बोलता येतं.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर: कुठल्याच नाही. वजनाइतकंच महत्त्वाचं आहे पुंगळीच्या आत किती गोळी राहते ते. आत गोळी जास्त म्हणजे पावडर पेटायला जागा कमी, आणि दाब भराभर चढतो. .३८ स्पेशलची पुंगळी काळ्या पावडरीच्या जमान्यातली, ऐसपैस आहे, ती थोडं सोसते. ९ मिमीची सोसत नाही. स्पीअर कंपनीने आपल्या मॅन्युअलमध्ये चाचणी दिली होती: ९ मिमीच्या काडतुसात गोळी फक्त तीस सहस्रांश इंच जास्त खोल बसवली, तर २८,००० चा दाब ६२,००० वर गेला. पावडर तितकीच.

म्हणून माझं स्पष्ट मत: हा साचा कपाटात ठेव. नंबर नसलेल्या साच्याला आकडा शोधत फिरण्यापेक्षा आकडा असलेला साचा विकत घे. लोक नेमकं उलट करतात. स्वस्तात साचा मिळाला की उचलतात आणि मग तीन-तीन पुस्तकं पालथी घालतात.

लायमनचं ओतीव गोळ्यांचं हँडबुक बघ. तिसरी आवृत्ती १९८० ची, चौथी त्यानंतरची, चौथीच घे. पिस्तुलात ओतीव गोळी वापरणाऱ्यासाठी त्या पुस्तकाच्या जवळपासचं दुसरं मला दिसलं नाही. कारण तिथे गोळी साच्याच्या नंबराने दिलेली असते, शेजारी चित्र, मिश्रण कोणतं, काडतुसाची एकूण लांबी किती, सगळं लिहिलेलं. नंबराचे पहिले तीन आकडे व्यासाचे. ३५८३११ म्हणजे .३५८ इंची, गोल नाकाची, १५८ च्या आसपासची. तुझ्या कागदी निशाणाला ती पुरे. ३५८१५६ ही दुसरी एक चांगली, पण तिच्या बुडाला तांब्याची टोपी लावतात आणि दुमडायला खाचा दोन आहेत. कुठली खाच कशासाठी ते वाचल्याशिवाय तिच्या वाटेला जाऊ नकोस.

मग पावडर कंपनीच्या संकेतस्थळावर जा. हॉजडन, अलायंट दोघेही आकडे फुकट देतात. तिथे शिशाची गोळी वेगळी दाखवलेली असते, लांबी दिलेली असते. पुस्तक आणि कंपनी जवळपास येत असतील तर त्यांतल्या खालच्या आकड्यापासून सुरुवात. फार लांब असतील तर का लांब आहेत ते शोध, आणि ते सापडेपर्यंत ती पावडर सोड. ली कंपनीचं जाड पुस्तकही लोक वापरतात. त्यात आकडे पुष्कळ, पण बरेचसे पावडर कंपन्यांकडून गोळा केलेले आणि गोळीची ओळख "शिसं, इतके ग्रेन" एवढीच. पडताळायला ठीक, एकट्यावर नको.

सराफा_रात्री (इंदूर)

म्हणजे आमच्यासारखंच. दागिना कोणी आणला, कोणाचा हॉलमार्क, ते बघायचं आणि मग तोलायचं. चालू द्या.

ओहायोवाला

समजलं. साचा गुंडाळून ठेवतो, फार स्वस्त होता म्हणून घेतला होता. दोन शंका. एक, कॉम्प्युटरवर दाब काढून देणारी प्रणाली मिळते, ती घेऊ का? दोन, गोळीला वंगण लावायच्या ऐवजी हल्ली रंगाची पूड लावून भट्टीत भाजतात. तशा गोळीचा आकडा कोणता? आणि माझ्याकडे ९ मिमीचं ग्लॉक पिस्तूलही आहे, त्यात ओतीव गोळी चालेल का?

निशाण_महू (महू)

दोन म्हणून तीन विचारल्यास, मामावर गेलास.

प्रणाली हा अंदाज असतो. तिला गोळी किती खोल, किती कठीण, प्रायमर कोणता, हे तू सांगणार, आणि आखूड पिस्तुली काडतुसात छोट्या चुकीला उत्तर मोठं बदलतं. पुस्तकातल्या आकड्याला पर्याय म्हणून नको.

भाजलेल्या गोळीला शिशाचाच आकडा बघायचा. मात्र लेपाने जाडी वाढते, तेव्हा भाजल्यावर पुन्हा मापाच्या डायमधून काढायची.

ग्लॉक कंपनी आपल्या मूळ बॅरलमध्ये शिशाच्या गोळ्या वापरू नका असं सांगते, त्या बॅरलच्या आतल्या कडा गोलसर असतात. कंपनी नको म्हणते तिथे मी हो म्हणणार नाही. शिवाय ९ मिमी हे शिकायला वाईट काडतूस, वर सांगितलंच. .३८ मध्ये हात बसू दे.

आणि एक गोष्ट बाकावर रोज करायची. तुझ्या काडतुसात बुल्सआयसारखी जलद पावडर घातलीस तर ती पुंगळीच्या तळाशी एवढीशी दिसते. चुकून दोनदा पडली तरी पुंगळी भरत नाही, गोळी सरळ बसते, काही कळत नाही. म्हणून पन्नास पुंगळ्या लाकडी ठोकळ्यात उभ्या लाव, सगळ्यांत पावडर घाल, आणि गोळी लावण्याआधी टॉर्च तिरपा धरून एकेकीच्या आत बघ. एखादीत पातळी वर दिसली तर ती उपसून पुन्हा तोल. शेजारीबुवा हे करताना रेडिओ बंद करतात, फोन आला तर तो ठोकळा पहिल्यापासून पुन्हा बघतात. फुगीर पावडर घेतलीस तर दुप्पट भरणी बाहेर सांडते आणि आपोआप कळते. नवशिक्याने पावडर निवडताना तेही बघावं.

सनदवाली (इंदूर)

वाचत होते. माझ्या सासऱ्यांकडे परवान्याचं .३२ रिव्हॉल्व्हर आहे, आणि त्यांना आत्ताच धागा वाचून दाखवला तर म्हणाले, "मग आपणही...". त्यांना कलम ५ पुन्हा वाचून दाखवलं.

निशाण_महू (महू)

ताई, त्यांना सांगा, त्याच .३२ एस अँड डब्ल्यू लाँगमध्ये सपाट तोंडाची वॉडकटर गोळी घालून सेंटर फायर या पिस्तूल प्रकाराचे नेमबाज स्पर्धा खेळतात. जसपाल राणाने २००६ च्या दोहा एशियाडमध्ये सेंटर फायर पिस्तुलात ५९० करून विश्वविक्रमाची बरोबरी केली होती. ते बघून समाधान मानावं, काडतुसं दुकानातूनच घ्यावीत.

आणि महूच्या आर्मी मार्क्समनशिप युनिटचं नाव निघालं की पोरं विचारतात, विजय कुमार कोणती भरणी वापरायचा? त्याचं २०१२ चं लंडनचं रौप्य रॅपिड फायरचं, ते .२२ मध्ये असतं. .२२ रिमफायर, पुन्हा भरताच येत नाही.

ओहायोवाला

३५८३११ मागवला. लायमनची चौथी आवृत्ती इथल्या सार्वजनिक वाचनालयात नव्हती, दुसऱ्या गावाच्या वाचनालयातून मागवून देणार आहेत. ती येईपर्यंत विकतच्या गोळ्याच. ज्या पावडरीचा आकडा पुस्तकात आणि कंपनीकडे दोन्हीकडे मिळेल तीच घेईन, दुकानात जी पडली असेल ती नाही. मामा, ओतायला पळी कसली घेऊ?

छावनीकर (इंदूर)

लोखंडी, लांब दांड्याची. ॲल्युमिनियमची नको. मळी काढायला वेगळी भोकाची. प्रत्येक वेळी धातूत बुडवण्याआधी भट्टीच्या काठावर ठेवून चांगली तापू दे, धुऊन आणलेली तशीच घालू नकोस. पाण्याचा थेंब आत गेला तर वाफेने सगळं शिसं अंगावर उडतं. पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट घाल, चष्मा लाव. आणि पुस्तक आलं की त्या ३५८३११ च्या पानाचा फोटो इथे नको, मला पाठव.